पत्त्याच्या रकान्यापाशी अडलेली मुलं: शाळांना एक खुलं पत्र

आदरणीय मुख्याध्यापक, शिक्षक, शाळेच्या कार्यालयातले लिपिक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि शाळेच्या परिसरात राहणारे नागरिक,

सविनय नमस्कार.

मुलांना घर मिळवून देणं शाळेच्या हातात नाही, हे मला मान्य आहे. भाडी, रोजगार, पाडलेल्या वस्त्या, आजारपणात बुडालेली कुटुंबं हे सगळं शाळेच्या फाटकाबाहेर घडतं. पण ज्या मुलाचं घर गेलं त्याची शाळाही जाणार की टिकणार, याचा निकाल बहुतेक वेळा तुमच्याकडेच लागतो. कार्यालयाच्या खिडकीपाशी, हजेरीच्या वेळी, गृहपाठाच्या वह्या तपासताना. म्हणून हे पत्र मंत्र्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

बरीच वर्षं वर्गात काढल्यावर मला एक गोष्ट पक्की दिसली आहे. शाळेचा जवळजवळ प्रत्येक नियम मुलाला घर आहे असं धरून केलेला असतो. पत्ता लिहा, पालकांची सही आणा, गणवेश धुऊन या, प्रकल्प घरी करून आणा, उद्या फोनवर अभ्यास पाठवतो तो बघा. यातलं काहीच गैर नाही. पण घर नसलेल्या मुलाला यातली प्रत्येक गोष्ट रोज अडवते आणि दरवेळी त्याला वाटतं की चूक आपलीच आहे. शाळेने अशा मुलासाठी वेगळं काही उभारण्याआधी, आपण स्वतः त्याच्या वाटेत काय काय टाकून ठेवलं आहे ते उचलावं, एवढंच माझं मागणं आहे. पुढचं सगळं त्याच्याच तपशिलात आहे.

आधी ही मुलं कोण, ते बोलू. बेघर म्हटलं की पुलाखालचं किंवा पदपथावरचं कुटुंब डोळ्यासमोर येतं. भारताच्या २०११ च्या जनगणनेतही तेच धरलं होतं. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री गणक रस्त्यांवर, फलाटांवर, मोठ्या पाइपांमध्ये, जिन्यांखाली झोपलेली माणसं मोजत फिरले आणि देशभरात सुमारे १७.७ लाख लोक बेघर नोंदले गेले. अमेरिकेत मात्र १९८७ पासून असलेल्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यात शाळांसाठी केलेली व्याख्या पुष्कळ रुंद आहे. रात्री राहायला कायमची, नियमित आणि पुरेशी जागा नसलेलं प्रत्येक मूल तिच्यात बसतं. घर गेल्यामुळे नातेवाइकांच्या खोलीत दाटीवाटीने राहणारं, लॉजवर दिवस काढणारं, गाडीत झोपणारं, निवारागृहातलं, सगळी मुलं. या व्याख्येने मोजल्यावर २०२१-२२ या एका शालेय वर्षात तिथल्या सरकारी शाळांना आपल्याच पटावर १२ लाखांहून अधिक बेघर विद्यार्थी सापडले, आणि त्यातले बहुसंख्य रस्त्यावर झोपत नव्हते. ते कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी मर्जीवर राहत होते.

तुमच्या वर्गात असं मूल नाही असं वाटत असेल, तर याच मुलांना पुन्हा एकदा शोधा. मावशीकडे तात्पुरतं आलेलं आणि पुढच्या महिन्यात आत्याकडे जाणार असलेलं मूल. वडिलांच्या मारापायी आईबरोबर रात्रीतून बाहेर पडलेलं मूल. आईबाप ज्या इमारतीच्या कामावर आहेत तिथेच पत्र्याच्या आडोशाला राहणारं आणि इमारत पूर्ण झाली की उठणारं मूल. हे कुणीच ‘आम्ही बेघर आहोत’ असं सांगत नाहीत. पुष्कळांना स्वतःला तसं वाटतही नसतं.

आता प्रवेशाची खिडकी. एक प्रसंग माझ्यासमोर अनेकदा घडला आहे, माणसं बदलली तरी तो तसाच घडतो. आई अर्ज भरत असते, मूल तिच्या कोपराशी उभं. नाव होतं, जन्मतारीख होते, आणि पत्त्याच्या रकान्याशी पेन थांबतं. आई मुलाकडे बघते, मग खिडकीतल्या माणसाकडे. हळूच विचारते, “नातेवाइकांचा लिहिला तर चालेल का?” आतून उत्तर येतं, “वीजबिल किंवा भाडेकरार लागेल, घेऊन या.” ती “बरं” म्हणते, अर्जाची घडी घालते आणि निघते. तिला कुणीही नकार दिलेला नाही. नोंद कुठेच झालेली नाही. फक्त ते मूल परत येत नाही.

लिपिक बंधुभगिनींनो, यात तुमचा दोष मी काढत नाही. वरून आलेला अर्ज तुम्ही पुढे करता. पण कायदा तुमच्या खिडकीपेक्षा उदार आहे, आणि तो तुम्हाला माहीत असायला हवा. आपल्याकडच्या २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हे प्रवेश लांबवायचं कारण होऊ शकत नाही. उलट दाखला देण्यात दिरंगाई करणारे मुख्याध्यापक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतात. प्रवेशाची मुदत उलटून गेल्यावर आलेल्या मुलालाही घ्यावंच लागतं. शाळा मध्येच सुटलेल्या मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवून मागे पडलेलं शिकवायची जबाबदारीही शाळेकडेच येते. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलेलं आहे. आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही असं स्पष्ट केलं. तेव्हा त्या आईला म्हणायचं वाक्य साधं आहे: “आज मूल वर्गात बसू दे, कागदांचं आपण मिळून बघू.”

कागदांबद्दल आणखी एक. ज्या कुटुंबाला घाईघाईने जागा सोडावी लागते त्यांची कागदपत्रं सगळ्यात आधी हरवतात. भिजतात, ढिगाऱ्यात जातात, जुन्या मालकाकडे अडकतात. मग जन्मदाखल्यासाठी पत्त्याचा पुरावा आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी आणखी कसला तरी दाखला, असे हेलपाटे सुरू होतात. शाळेकडे कपाट असतं, कुलूप असतं, बहुधा संगणकही असतो. पालकांच्या परवानगीने मुलाच्या सगळ्या कागदांच्या प्रती शाळेने जपून ठेवल्या आणि मागतील तेव्हा विनाशुल्क दिल्या, तर त्या कुटुंबाच्या कितीतरी खेपा वाचतील. दवाखान्यात, शिष्यवृत्तीला, बँकेत, सगळीकडे ते कागद कामी येतात. मला विचाराल तर शाळा करू शकेल अशा मदतींमध्ये ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित आहे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबते. घर गेलं की मुलाचं अंथरूण जातं, शेजार जातो, खेळगडी जातात. अशा वेळी तोच बाक, त्याच बाई, शेजारी बसणारा तोच मित्र राहिला तर मुलाला धरून राहायला काहीतरी उरतं. म्हणून शक्य असेल तोवर शाळा बदलू देऊ नका. अमेरिकेच्या त्या कायद्यात हा मूळ शाळेचा हक्कच आहे: कुटुंब दुसऱ्या भागात गेलं तरी, मुलाच्या हिताचं असेल तर, ते आधीच्याच शाळेत शिकू शकतं आणि पालकांनी मागितल्यास जाण्यायेण्याची सोय यंत्रणेला करावी लागते. मध्येच कायमचं घर मिळालं तरी ते शालेय वर्ष तिथेच पूर्ण करता येतं. आपल्याकडे असा हक्क कागदावर नाही. पण पालक “आता लांब पडतं, नाव काढून द्या” म्हणत येतात तेव्हा मुख्याध्यापकांनी लगेच दाखला लिहायला घेऊ नये. किती लांब पडतं, बस कुठली, भाडं कोण भरेल, त्या बाजूने येणारं आणखी कोणी आहे का, हे विचारायला दहा मिनिटं लागतात. बसच्या पासाची तजवीज शाळेच्या आसपासची चार माणसं सहज करू शकतात. तरीही जावंच लागलं, तर पुढच्या शाळेला तुम्ही स्वतः फोन करा. मूल कुठवर शिकलंय, कशाने खुलतं, कशाला घाबरतं, हे दाखल्याच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

इथेच प्रशासनाकडेही एक मागणी. १९८५ साली ऑल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पदपथांवरच्या झोपड्या हटवायला मनाई केली नाही, पण पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर उलटेपर्यंत थांबायला सांगितलं. पावसात कुणाच्या डोक्यावरचं छप्पर काढू नये, एवढी माणुसकी त्यात होती. मग परीक्षा तोंडावर आलेल्या मुलाच्या डोक्यावरचं छप्पर तरी का काढावं? वस्ती हलवायची ठरली तर तारीख शाळेचं वर्ष बघून ठरवावी, आणि त्या वस्तीतली मुलं ज्या शाळांत जातात त्यांना आधी कळवावं. शाळा व्यवस्थापन समितीने हा ठराव करून प्रभागाच्या कार्यालयात दिला तर त्याला वजन येईल. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. त्यातली एक जागा अशा एखाद्या आईला द्या. निवारागृहातून मुलाला वेळेवर शाळेत पाठवायला काय काय करावं लागतं, हे तिच्याइतकं तिथे कुणालाच ठाऊक नसतं.

आता वर्गात येऊ. चौथीत एक मुलगा होता, मधल्या सुट्टीतही पाठीवरचं दप्तर उतरवायचा नाही. पळतानाही ते धपधप उडत राहायचं. मुलं चिडवायची. परीक्षेच्या दिवशी दप्तरं वर्गाबाहेर ओळीने ठेवायची असतात. त्याने ठेवायला साफ नकार दिला आणि रडायलाच लागला. पुस्तकांच्या खाली त्यात दोन शर्ट होते, टॉवेल होता, प्लास्टिकच्या पिशवीत आईची कागदपत्रं होती आणि अर्धा साबण. कुटुंबाचं जे काही हरवून चालणार नव्हतं ते त्या दप्तरात होतं. बाईंनी ते स्वतःच्या टेबलाखाली, त्याला बाकावरून दिसेल असं ठेवलं आणि त्याने पेपर लिहिला. नंतर शिक्षकांच्या खोलीतला एक खण त्याला मिळाला, किल्ली त्याच्याच गळ्यात. चिडवणं आपोआप थांबलं.

वर्गातली मदत अशीच असते. बारीक, नेमकी, आणि दुसऱ्या कुणाच्या नजरेत न येणारी. पहिल्या तासाला पेंगणाऱ्या मुलाला उभं करण्याआधी रात्री झोप मिळाली का, एवढं हळू आवाजात विचारावं. रोज उशिरा येणाऱ्याला फाटकाबाहेर थांबवलं तर त्याने मुश्किलीने गाठलेली शाळा आपणच बंद करतो. गृहपाठासाठी शाळा सुटल्यावर तासभर एक वर्ग उघडा ठेवावा, आणि तो सगळ्यांसाठी खुला असावा, म्हणजे तिथे बसणाऱ्यावर शिक्का बसत नाही. जादा गणवेश कपाटात असावेत, इतरांच्यासारखेच, देणाऱ्याचं नाव न छापलेले. तोंडहात धुवायला, अंघोळीला, कपडे बदलायला शाळा अर्धा तास लवकर उघडली तर वासावरून होणारी कुजबुज मुळातच टळते. मोठ्या मुलींसाठी तर पाणी आणि कडी लागणारा दरवाजा म्हणजे महिन्यातले ते चार दिवस शाळेत येता येणं. फोनवर पाठवलेला अभ्यास फळ्यावरही लिहावा. ‘माझे घर’ हा निबंध देताना ‘मला आवडणारी जागा’ हाही पर्याय द्यावा. सलग गैरहजर राहिला म्हणून पटावरून नाव उडवण्याआधी कुणीतरी त्याला शोधायला जावं, कारण नेमक्या त्याच दिवसांत त्याचं कुटुंब जागा शोधत हिंडत असतं.

मोठ्या सुट्ट्या या मुलांना आवडत नाहीत, हेही सांगायला हवं. सुट्टी जवळ आली की काही मुलं चिडखोर होतात, काही शाळा सुटल्यावर उगाच रेंगाळतात, वर्ग झाडायला मागतात. त्यांना हटकू नका.

ओळखायचं कसं, असं शिक्षक विचारतात. पत्ता विचारल्यावर उत्तर दरवेळी वेगळं येणं, पालकांचा फोन सतत बंद असणं, वह्या वारंवार भिजलेल्या, डबा अर्धा खाऊन उरलेला जपून ठेवणं, मित्रांना कधीच घरी न बोलावणं. यातल्या कशावरूनही निष्कर्ष काढू नये. दुसरी शंभर कारणं असू शकतात. चौकशी तर नकोच. “तुझं घर कुठे आहे?” हा प्रश्न सगळ्यांदेखत विचारू नका. “शाळेत यायला काही अडचण होते का?” असं एकट्याला विचारलं, आणि उत्तर नाही मिळालं तरी दार उघडं ठेवलं, की एके दिवशी मूल स्वतःच बोलतं. बोलल्यावर ते शाळेत एका, फार तर दोन माणसांपलीकडे जाऊ नये. अमेरिकेत प्रत्येक शालेय जिल्ह्यात यासाठी एक संपर्क-व्यक्ती नेमावीच लागते. आपल्या शाळेतही असा एक माणूस ठरवा, त्याचं नाव फलकावर लावा, पालकसभेत सांगा. नाहीतर हे काम कुणा एका मायाळू शिक्षकाच्या खिशातून आणि त्याच्या झोपेतून चालतं, आणि त्याची बदली झाली की तिथेच थांबतं.

आईवडील का लपवतात, हे समजून घ्या. आपलं मूल काढून नेतील, ही त्यांची भीती खरी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात घर किंवा ठरलेला ठावठिकाणा नसलेलं आणि निर्वाहाचं उघड साधन नसलेलं मूल ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं’ ठरतं. पण त्याच कायद्याची तत्त्वं सांगतात की मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. म्हणून शिक्षकांनी फरक करावा. मूल एकटं असेल, मारहाण किंवा शोषण होत असेल, तर जराही न थांबता १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि बालकल्याण समितीपर्यंत जा. मूल आईबापांच्या कुशीत असेल आणि फक्त छप्पर नसेल, तर मदत त्या कुटुंबाला हवी आहे. गरिबी म्हणजे हेळसांड असं समजू नका.

शाळेच्या परिसरातल्या नागरिकांना माझं सांगणं थोडं कठोर वाटेल. कपडे आणि वह्या वाटताना फोटो काढू नका. वर्गासमोर उभं करून दिलेली वही त्या मुलाला फार महाग पडते. द्यायचंच असेल तर जागा द्या. तुमचं सभागृह संध्याकाळी रिकामं असतं का? वाचनालयाचं सभासदत्व पत्त्याच्या पुराव्यावर अडतं का? तिथे दिवा आहे, पंखा आहे, टेबल आहे. मुलाला रात्री अभ्यासाला नेमकं तेच नसतं. शाळेने दिलेल्या पत्रावर सभासदत्व देणं वाचनालयाच्या समितीला एका बैठकीत ठरवता येतं. आणि तुमच्या भागात कुटुंबांसाठी निवारागृह आहे का, ते विचारा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत शहरांसाठी दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांच्या कायमस्वरूपी निवाऱ्याची तरतूद होती. पुरुषांचा एक आणि स्त्रियांचा एक असेच निवारे असले तर बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आईपासून वेगळं झोपावं लागतं, आणि मग ती आई निवाऱ्यात जायचंच टाळते. कुटुंब एकत्र राहील असा निवारा, शाळेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, ही मागणी नागरिकांनी लावून धरली पाहिजे. ‘आमच्या गल्लीत नको’ असं म्हणणारेही आपणच असतो.

नववीच्या पुढची मुलं वेगळी अडचणीत असतात. शिक्षण हक्काचा कायदा १४ वर्षांपर्यंतच पोचतो. त्यानंतर फी, परीक्षेचा अर्ज, पालकाची सही. घरातून बाहेर पडलेल्या किंवा काढलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने सही कुणाची आणायची? परीक्षेच्या अर्जाची मुदत टळायच्या आत मुख्याध्यापकांनी याचा मार्ग काढून ठेवावा.

घर जायच्या आधीही शाळेला चाहूल लागू शकते. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहरात शाळा आणि सामाजिक संस्थांनी मिळून एक पद्धत बसवली. शाळेतल्या सगळ्याच मुलांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही. घरात ताण वाढलेल्या मुलांकडे मग शांतपणे लक्ष द्यायचं, कुटुंबाला वेळीच आधार द्यायचा. तिथे बेघरपणाकडे जाणाऱ्या किशोरवयीनांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं नोंदलं गेलं, आणि पुढे कॅनडा व वेल्समध्येही ही पद्धत नेली गेली. शिक्षकाचं लक्ष, समाजसेवकाचा वेळ आणि दोघांमध्ये बोलणं, यावरच ती चालते.

पुढच्या प्रवेशांच्या आधी तीन कामं व्हावीत अशी माझी विनंती आहे. प्रवेश अर्जावर पत्त्याच्या रकान्याखाली एक ओळ छापा: ‘सध्या पक्का पत्ता नसल्यास रिकामं सोडावं, प्रवेश अडणार नाही.’ खिडकीत बसणाऱ्या प्रत्येकाला त्या ओळीचा अर्थ समजावून सांगा. आणि यंदा ज्यांची नावं पटावरून कमी झाली त्यांची यादी काढून, एकेक मूल कुठे गेलं ते शोधायला माणूस नेमा. यादी वाचताना ज्यांच्यासमोर ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा असेल, त्यांच्यापासून सुरुवात करा.

आपली,
एक शिक्षिका